डिस्नेचा स्वतःचा गेम स्टुडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ बघणारी आणि नंतर सायबर कॅफेत ‘अल्लादीन’च्या गेममध्ये पहारेकऱ्यांवर सफरचंदं फेकणारी पिढी आता चाळिशीला टेकली आहे. गेमचा विषय निघाला की या पिढीतलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘डिस्ने आधी स्वतः गेम काढायची ना? मग बंद का झालं ते सगळं?’ त्या प्रश्नाला फुटलेल्या फांद्या इथे एकत्र केल्या आहेत.

डिस्नेचा स्वतःचा गेम स्टुडिओ खरंच होता का?

होता, आणि एक नव्हे, अनेक. २०१० च्या सुमारास सॉल्ट लेक सिटी, ऑस्टिन, शिकागो, कॅनडातलं व्हँकुव्हर आणि इंग्लंडमधलं ब्रायटन इतक्या ठिकाणी डिस्नेच्या मालकीचे गेम स्टुडिओ होते. त्या सगळ्यांवरच्या छत्राचं नाव होतं डिस्ने इंटरॅक्टिव्ह स्टुडिओज.

हे नाव मात्र शेवटचं. १९८८ मध्ये वॉल्ट डिस्ने कॉम्प्युटर सॉफ्टवेअर, १९९४ च्या अखेरीस डिस्ने इंटरॅक्टिव्ह, २००३ मध्ये बुएना व्हिस्टा गेम्स आणि २००७ मध्ये डिस्ने इंटरॅक्टिव्ह स्टुडिओज, अशी बारशी होत गेली. माझं निरीक्षण असं की पाटी बदलली की समजायचं, वरच्या मजल्यावर पुन्हा मत बदललं. ‘गेम आपणच करू’ आणि ‘छे, हक्क भाड्याने देऊ, जोखीम दुसऱ्याची’ या दोन मतांमध्ये ही कंपनी जवळजवळ तीस वर्षं येरझाऱ्या घालत होती. २०१६ मध्ये तिने येरझाऱ्या थांबवल्या आणि कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम मशीनसाठी, स्वतः गेम काढण्याचं काम बंद केलं.

सुरुवात कशी झाली?

भाड्याने. १९८१ मध्ये निन्टेन्डोने ‘गेम अँड वॉच’ या हातात मावणाऱ्या खेळण्यांच्या मालिकेत मिकी माउस आणला. १९८४ मध्ये सिएरा ऑन-लाइन या कंपनीने घरगुती कॉम्प्युटरसाठी मिकी आणि विनी द पूचे गेम काढले. डिस्नेने फक्त पात्रं दिली होती.

१९८८ मध्ये स्वतःचा सॉफ्टवेअर विभाग उघडला, तरी कोड लिहिण्याचं बरंचसं काम बाहेरच्याच कंपन्यांकडे होतं. या काळातले गेम आठवणीत ठेवावेत असे फारसे नाहीत. आठवण राहिली ती एका डबीची. तेव्हाच्या पीसीला धड आवाज नव्हता, फक्त टूंक-टूंक. साउंड कार्ड महाग. म्हणून डिस्नेने ‘साउंड सोर्स’ नावाचा छोटा स्पीकर काढला. तो प्रिंटरच्या पोर्टला लावायचा, नऊ व्होल्टची बॅटरी घालायची, आणि कॉम्प्युटर चक्क बोलायला लागायचा. पात्रांचे आवाज हे ज्या कंपनीचं निम्मं भांडवल, तिला मुका कॉम्प्युटर परवडणार कसा?

‘अल्लादीन’चा तो प्रसिद्ध गेम डिस्नेनेच बनवला होता ना?

अर्धा. सेगाच्या जेनेसिस कन्सोलवरचा १९९३ चा ‘अल्लादीन’ व्हर्जिन गेम्समधल्या डेव्हिड पेरी यांच्या टीमने बनवला. पण त्यातल्या पात्रांच्या हालचाली डिस्नेच्या ॲनिमेटरांनी कागदावर चित्रामागून चित्र काढून दिल्या होत्या. ती चित्रं स्कॅन करून गेममध्ये बसवली गेली. म्हणूनच अल्लादीन धावताना, लोंबकळताना, तलवार फिरवताना तेव्हाच्या इतर गेममधल्या ठोकळ्यांसारखा दिसत नाही. आपल्याकडे सायबर कॅफेत आणि ओळखीच्यांच्या पीसीवर जो चालायचा, तो याच गेमचा अवतार.

निन्टेन्डोच्या सुपर एनईएसवरचा ‘अल्लादीन’ हा पूर्णपणे वेगळा गेम. तो जपानच्या कॅपकॉमने केला, आणि त्याचे डिझायनर होते शिंजी मिकामी, म्हणजे ज्यांनी पुढे ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा भयकथेचा गेम काढून जगाची झोप उडवली तेच. त्यांच्या अल्लादीनकडे तलवार नाही. कुठला सरस यावर आजही हातघाईची भांडणं होतात. माझं मत जेनेसिसच्या बाजूने आहे, पण ते चित्रांसाठी. उड्या मारायला मिकामींचा गेम जास्त सुबक आहे.

‘लायन किंग’च्या सीडीने काय गोंधळ घातला होता?

हा किस्सा कॉम्प्युटरच्या इतिहासात जाऊन बसला आहे. १९९४ च्या नाताळात डिस्नेने ‘द लायन किंग’ची ॲनिमेटेड गोष्टीची सीडी बाजारात आणली. घरोघरी नवे कॉम्पॅक प्रेसारिओ कॉम्प्युटर आले होते. मुलांनी नाताळच्या सकाळी सीडी घातली आणि स्क्रीनवर सिंबाऐवजी एरर आला. ही सीडी मायक्रोसॉफ्टच्या ‘विन-जी’ या ग्राफिक्सच्या नव्या व्यवस्थेवर चालायची. त्या कॉम्प्युटरांमधल्या व्हिडिओ ड्रायव्हरशी तिचं जमलं नाही. रडणारी मुलं आणि वैतागलेले पालक, डिस्नेच्या मदत केंद्राचे फोन खणखणत राहिले.

यातून धडा घेतला तो मायक्रोसॉफ्टने. विंडोजवर गेम नीट चालायचे तर प्रत्येक गेम कंपनीला हार्डवेअरशी झगडायला लावून भागणार नाही, हे तिथल्या काही जणांनी हेरलं, आणि १९९५ मध्ये गेम आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा सांभाळणारं डायरेक्टएक्स आलं. त्याच्या जन्मकथेत सिंबाचा हा नाताळ नेहमी येतो. आज तुमच्या पीसीवर जे गेम चालतात, त्यांतल्या बहुतेकांच्या बुडाशी ते डायरेक्टएक्स आहे.

पिक्सारचाही गेम विभाग होता म्हणतात. खरं का?

खरं, पण फार थोडा काळ. ‘टॉय स्टोरी’ गाजल्यावर पिक्सारने इंटरॅक्टिव्ह विभाग काढला आणि त्या चित्रपटावर आधारित दोन सीडी-रॉम तयार केल्या. पिक्सारचे तेव्हाचे मालक स्टीव्ह जॉब्स यांना मोठ्या विक्रीची आशा होती. सीडी बऱ्या खपल्या, पण चित्रपटाच्या मानाने ती कमाई किरकोळ. १९९७ मध्ये विभाग बंद करून माणसं चित्रपटांच्या कामावर घेतली. ‘आपल्याकडे चांगले कलाकार थोडे, ते नेमके कुठे लावायचे’ हा हिशेब पिक्सारने दीड-दोन वर्षांत मांडला. डिस्नेला त्यासाठी अजून वीस वर्षं लागली.

‘किंगडम हार्ट्‌स’ आणि ‘टूनटाउन’ कुणाचे?

‘किंगडम हार्ट्‌स’ हा डिस्नेची पात्रं असलेला गेम जपानच्या स्क्वेअर कंपनीचा, २००२ चा. स्क्वेअर आणि डिस्नेची जपानमधली ऑफिसं एकाच इमारतीत होती. स्क्वेअरचे शिंजी हाशिमोतो यांना लिफ्टमध्ये डिस्नेचे एक अधिकारी भेटले आणि बोलणं सुरू झालं, असं ते स्वतः सांगतात.

‘टूनटाउन ऑनलाइन’ मात्र घरचा. थीम पार्कची रचना करणाऱ्या इमॅजिनिअरिंग विभागाच्या व्हीआर स्टुडिओने तो केला आणि २००३ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. मुलांसाठीच्या पहिल्या मोठ्या ऑनलाइन गेमपैकी हा एक. यातले खलनायक म्हणजे सूट-टाय घातलेले रोबो. ते कार्टूनच्या रंगीत गावातल्या इमारती बळकावून तिथे ऑफिसं थाटतात, आणि त्यांच्यावर हल्ला करायचा तो तोंडावर क्रीमचा केक मारून. एका महाकाय कॉर्पोरेशनच्या पगारावर बसून कुणीतरी हे सुचवलं आणि ते मंजूरही झालं, याचं मला फार कौतुक वाटतं. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये खऱ्या सूट-टायवाल्यांनी गेम बंद केला. चाहत्यांनी ‘टूनटाउन रिरिटन’ नावाने तो पुन्हा उभा केला आहे.

मग एवढे स्टुडिओ विकत घेण्याची लाट कधी आली?

२००५ पासून. त्या वर्षी सॉल्ट लेक सिटीतलं ॲव्हलांच सॉफ्टवेअर घेतलं आणि व्हँकुव्हरला प्रोपगंडा गेम्स नव्याने उभारलं. २००६ मध्ये ब्रायटनचा क्लायमॅक्स रेसिंग घेतला, त्याचं पुढे ब्लॅक रॉक झालं. २००७ मध्ये ऑस्टिनचं जंक्शन पॉइंट, २००९ मध्ये शिकागोचं वाइडलोड. शिवाय ऑनलाइन आणि मोबाइलवरची खरेदी वेगळीच: २००७ मध्ये कॅनडातलं ‘क्लब पेंग्विन’ ३५ कोटी डॉलरला, २०१० मध्ये फेसबुकवरचे गेम करणारी प्लेडॉम ५६ कोटींहून अधिक डॉलरला. दोन्ही सौद्यांत, ठरलेली कमाई झाली तर वर आणखी पैसे, अशीही अट होती.

यातले ब्लॅक रॉकचे लोक विशेष गुणी. त्यांचा ‘प्युअर’ हा २००८ चा चारचाकी बाइकच्या शर्यतींचा गेम, आणि २०१० चा ‘स्प्लिट/सेकंड’. यात शर्यत चालू असताना बटण दाबून पूल पाडायचे, विमानतळाचा मनोरा कोसळवायचा. शेवटी ‘पुढे चालू’ अशी पाटी येते. पुढे काहीही चालू झालं नाही, कारण २०११ मध्ये स्टुडिओच बंद केला. त्याआधी त्याच वर्षी जानेवारीत प्रोपगंडाला टाळं लागलं होतं. त्यांचा ‘पायरेट्‌स ऑफ द कॅरिबियन’वरचा मोठा गेम तर बनता बनताच रद्द झाला.

‘एपिक मिकी’ची एवढी चर्चा का होते?

कारण या गेमपायी डिस्नेने एक हरवलेलं पात्र परत मिळवलं, आणि ज्या पद्धतीने मिळवलं ती पद्धत कुणाला सांगितली तर खोटी वाटते.

१९२७ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी ऑस्वल्ड नावाचा ससा चित्रपटांत आणला. तो लोकप्रिय झाला, पण हक्क युनिव्हर्सलकडे होते. १९२८ मध्ये पैशांवरून बिनसलं आणि वॉल्ट यांच्या हातून ऑस्वल्डही गेला, बरेचसे ॲनिमेटरही. त्या धक्क्यानंतर जे नवं पात्र काढलं ते मिकी.

२००४ च्या सुमारास डिस्नेच्या गेम विभागातल्या एका छोट्या गटाने कल्पना मांडली: विस्मरणात गेलेल्या कार्टूनची एक पडीक दुनिया आहे, तिथे ऑस्वल्डचं राज्य आहे, आणि आपली जागा घेणाऱ्या मिकीवर त्याचा राग आहे. अडचण एवढीच, की ऑस्वल्ड डिस्नेचा नव्हताच. बॉब आयगर यांच्या कानावर ही कल्पना गेली, त्यांना ती आवडली, आणि २००५ मध्ये ते कंपनीचे प्रमुख झाले. २००६ च्या फेब्रुवारीत सौदा झाला. डिस्नेच्या एबीसी-ईएसपीएन वाहिन्यांचे नामवंत क्रीडा समालोचक अल मायकल्स यांना एनबीसी या दुसऱ्या वाहिनीत जायचं होतं. एनबीसी आणि युनिव्हर्सल एकाच घरातल्या. समालोचकाला करारातून मोकळं केलं, आणि बदल्यात इतर काही हक्कांबरोबर ससा परत घेतला. जिवंत माणूस देऊन अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी गेलेलं कार्टून आणण्याचा व्यवहार मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

गेम सोपवला वॉरन स्पेक्टर यांच्याकडे, म्हणजे ‘डेअस एक्स’ या गेमवाले. त्यांचं जंक्शन पॉइंट डिस्नेने त्यासाठीच घेतलं. मिकीच्या हातात ब्रश: रंग लावून गोष्टी घडवायच्या किंवा थिनर मारून पुसायच्या, आणि काय निवडलं त्याप्रमाणे दुनिया बदलते. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये तो निन्टेन्डोच्या ‘वी’ कन्सोलवर आला आणि चांगला खपला. कॅमेरा मात्र वैताग आणणारा होता. जिथे बघायचं ते सोडून तो भिंत दाखवायचा. २०१२ चा दुसरा भाग सगळ्या कन्सोलवर आणूनही आपटला, आणि २०१३ च्या जानेवारीत जंक्शन पॉइंट बंद झालं.

नुकसान नेमकं किती होत होतं?

डिस्नेच्या वार्षिक अहवालांत इंटरॅक्टिव्ह विभागाचे आकडे आहेत. २००९ मध्ये तोटा २९ कोटी ५० लाख डॉलर. २०१० मध्ये २३ कोटी ४० लाख, २०११ मध्ये ३० कोटी ८० लाख, २०१२ मध्ये २१ कोटी ६० लाख, २०१३ मध्ये ८ कोटी ७० लाख. पाच वर्षांची बेरीज ११४ कोटी डॉलर. यात वेबसाइट, मोबाइल, फेसबुक गेम सगळं आलं, एकट्या कन्सोलचा हा आकडा नाही.

तोटा कंपनीला झेपत नव्हता असं नाही, डिस्नेचा एकूण नफा अब्जांत होता. पण कन्सोलचा मोठा गेम तीन-चार वर्षं खातो आणि डिस्नेत दर दोन वर्षांनी धोरण फिरत होतं. पहिल्या गेमच्या चुका दुसऱ्यात सुधारायच्या आतच स्टुडिओ जायचा. कॅमेरा सुधारण्यापेक्षा टाळं लावणं त्यांना सोपं वाटलं, असं मला तरी दिसतं.

‘डिस्ने इन्फिनिटी’ तर चालला होता. तो का बंद केला?

चाललाच होता. कल्पना ॲव्हलांचची. ‘टॉय स्टोरी ३’च्या गेममध्ये त्यांनी ‘टॉय बॉक्स’ नावाचा मोकळा भाग ठेवला होता: गोष्ट नाही, शेवट नाही, हवं ते बांधा आणि मोडा. तो लोकांना एवढा आवडला की त्याचाच स्वतंत्र गेम झाला. पात्राची खरीखुरी मूर्ती दुकानातून आणायची, कन्सोलला जोडलेल्या पाटावर ठेवायची, की मूर्तीतली चिप वाचून ते पात्र पडद्यावर हजर. ‘स्कायलँडर्स’ने ही युक्ती २०११ मध्ये आधीच यशस्वी केली होती, पण डिस्नेकडे पात्रांचा तुटवडा नव्हता. ऑगस्ट २०१३ मध्ये पहिला भाग आला आणि काही महिन्यांत खेळ सुरू करायला लागणारे तीस लाख संच विकले गेले. २०१४ मध्ये मार्व्हल, २०१५ मध्ये स्टार वॉर्स जोडलं. इंटरॅक्टिव्ह विभाग २०१४ मध्ये चक्क ११ कोटी ६० लाख डॉलर नफ्यात आला. अर्थात त्याच वर्षी मार्चमध्ये सुमारे ७०० जणांना घरी पाठवलं होतं, हेही त्या नफ्याशेजारी मांडायला हवं.

मूर्तींचा धंदा मुळात अवघड. सॉफ्टवेअर न खपलेलं पडून राहत नाही, मूर्ती राहते. कुठलं पात्र किती खपेल याचा अंदाज महिनोन्‌महिने आधी बांधून कारखान्याला सांगायचा, आणि चुकला की गोदामं भरतात. त्यात निन्टेन्डोचे अमीबो आणि लेगोही उतरले, घराघरांत मूर्तींचा ढीग झाला आणि पालकांचे खिसे आखडले. १० मे २०१६ रोजी डिस्नेने गेम बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यापोटी १४ कोटी ७० लाख डॉलरचा भुर्दंड हिशेबात दाखवला आणि ॲव्हलांच बंद केलं. सुमारे ३०० नोकऱ्या गेल्या.

हे ॲव्हलांच म्हणजे ‘जस्ट कॉज’ या गेमवालेच का?

नाही. ते ॲव्हलांच स्टुडिओज, स्वीडनचे. हे ॲव्हलांच सॉफ्टवेअर, अमेरिकेतल्या युटा राज्यातलं.

त्या लोकांचं पुढे काय झालं?

२०१७ च्या जानेवारीत वॉर्नर ब्रदर्सने ॲव्हलांच विकत घेऊन पुन्हा सुरू केलं. त्यांचा पहिला गेम कुठला? ‘कार्स ३’. म्हणजे डिस्नेचं पात्र, डिस्नेनेच काढून टाकलेली टीम, आणि मालक वॉर्नर. पुढे त्याच स्टुडिओने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘हॉगवर्ट्‌स लेगसी’ आणला, त्याच्या त्या वर्षभरात दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. गुणवत्ता नव्हती म्हणून डिस्नेचे गेम बुडाले, असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण पुरेसं आहे.

ब्लॅक रॉकमधल्या काहींनी ब्रायटनमध्येच स्टुडिओ गोबो काढला. ज्या डिस्नेने काढून टाकलं, तिच्याच ‘इन्फिनिटी’चे भाग त्यांनी कंत्राटावर केले.

मुंबईतही डिस्नेचा गेम स्टुडिओ होता का?

होता. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. स्मार्टफोन येण्याआधी, साध्या कीपॅडच्या फोनवर क्रिकेटचे गेम ज्यांनी खेळले, त्यांना हे नाव ओळखीचं असेल. २००५ च्या सुमारास तिच्यात चीनच्या टॉम ऑनलाइनने मोठा हिस्सा घेतला, २००७ मध्ये रॉनी स्क्रूवाला यांची यूटीव्ही आली. २०११ मध्ये डिस्नेने इंडियागेम्स घेतली आणि पाठोपाठ यूटीव्हीच ताब्यात घेतली. मग हिंदी चित्रपटांवर मोबाइल गेम निघाले, ‘चेन्नई एक्सप्रेस’चा २०१३ चा गेम त्यातलाच. गोंडल त्याच वर्षी बाहेर पडले. अमेरिकेत जे झालं तेच इथेही झालं, आणि डिस्नेने भारतातलं गेमचं काम गुंडाळलं.

लुकासआर्ट्‌सही डिस्नेनेच बंद केलं का?

हो. ‘स्टार वॉर्स’ची लुकासफिल्म घेतल्यावर काही महिन्यांतच, ३ एप्रिल २०१३ रोजी. लुकासफिल्मचाच १९८२ पासूनचा गेम स्टुडिओ होता. ‘स्टार वॉर्स १३१३’ तिथेच अर्धवट राहिला. मे महिन्यात स्टार वॉर्सच्या गेमचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सला दिले.

आता डिस्ने गेम कशी काढते?

दुसऱ्यांकडून. सोनीसाठी इन्सोम्नियाकने केलेला ‘स्पायडर-मॅन’ किंवा गेमलॉफ्टचा ‘ड्रीमलाइट व्हॅली’ हे सगळे हक्क देऊन झालेले गेम आहेत. गेम स्वतः प्रकाशित करण्यात आपल्याला कधी विशेष जमलं नाही, हक्क देणंच बरं, असं आयगर यांनी २०१९ मध्ये गुंतवणूकदारांसमोर मान्य केलं. २०२४ च्या फेब्रुवारीत याच कंपनीने ‘फोर्टनाइट’वाल्या एपिक गेम्समध्ये दीड अब्ज डॉलर गुंतवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या की काय, असं म्हणायला जागा आहे.

यातलं आज काय खेळता येईल?

‘अल्लादीन’ आणि ‘लायन किंग’चे जुने कन्सोल गेम (वरची गोष्टीची सीडी नव्हे) २०१९ मध्ये एकत्र पुन्हा निघाले, तेच घ्या. ‘एपिक मिकी’ २०२४ मध्ये ‘रीब्रश्ड’ म्हणून नव्याने आला, त्यात कॅमेरा एकदाचा सुधारला आहे. ‘प्युअर’ आणि ‘स्प्लिट/सेकंड’ स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात आले होते, आता मिळतात का ते बघून घ्या. ‘इन्फिनिटी’ची गोल्ड आवृत्तीही तिथेच आली होती. तिला मूर्ती लागत नाहीत, पात्रं आधीच खुली असतात. ‘लायन किंग’ला हात घालणार असाल तर एक सांगतो: दुसरी लेव्हल मुद्दाम अवघड ठेवली होती. तेव्हा अमेरिकेत गेम भाड्याने मिळायचे, आणि भाड्याच्या दोन-तीन दिवसांत कुणी तो संपवू नये असं डिस्नेला वाटत होतं. लहानपणी त्या शहामृगावरून पडत होतात, तर दोष तुमचा नव्हता.